हजर, पण कुठल्या ग्रुपवर?

वामनराव शिंदीकरांनी खिशातून मोबाइल काढला, सतरंजीच्या मधोमध ठेवला आणि आम्हा सगळ्यांवर नजर फिरवत विचारलं, "हा फोन कुणाचा?"

"तुझाच की," येळवंडे म्हणाले. "फाटक्या कव्हरावरून कळतंय."

"माझा. बिल मी भरतो, चार्जिंगला मी लावतो. मग यावरून मी कुणाशी, कुठल्या ॲपवरून, कुठल्या अटींवर बोलायचं, हे ठरवणारी ती कंपनी कोण?"

येळवंड्यांच्या कापडदुकानाच्या माडीवर आमच्या मंडळाची सभा भरली होती. भिंतींना लागून शर्टिंगचे तागे रचलेले, त्यांच्यामध्ये सतरंजी. मी नेहमीप्रमाणे जिन्याजवळ बसलो होतो. सभा नकोशी झाली तर गुपचूप खाली उतरता यावं म्हणून मी ती जागा धरत असे. प्रत्यक्षात मी कधी उतरल्याचं मला आठवत नाही. उठलो तर सगळे बघतील, अशी भीती वाटायची.

मंडळाचं रीतसर नाव सुप्रभात ज्येष्ठ नागरिक मंडळ. कराडात मात्र आम्हाला एकांडे मंडळ म्हणत, कारण सभासद होण्याची अट एकच होती, माणूस घरात एकटा राहत असला पाहिजे. वामनराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, विधुर. दत्ताजी येळवंडे त्यांचे शाळेपासूनचे सोबती. दोन्ही मुली लग्न होऊन पुण्याला, दुकान नोकरांवर. डॉक्टर जठार दातांचे, मुलगा परदेशी. मनोरमाबाई लोंढे कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कराडात कुणाची छाती नव्हती. आणि मी, मधुसूदन खांबेटे, कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म काढलेला. आणखीही काही मंडळी होती, पण ती चहापुरती येत.

मंडळाचं खरं काम सकाळी चाले. उठल्यावर प्रत्येकाने मोबाइलच्या ग्रुपवर एकच शब्द लिहायचा: हजर. प्रत्येकाला एक शेजारी नेमून दिलेला होता. पहिला चहा होईपर्यंत आपल्या शेजाऱ्याचं 'हजर' आलं नाही, तर उठायचं आणि त्याच्या दारावर जाऊन थाप मारायची. जठारांचे शेजारी वामनराव, वामनरावांचे येळवंडे आणि येळवंड्यांचे जठार. माझ्या नेमलेल्या शेजारीण मनोरमाबाई आणि त्यांचा शेजारी मी. ही व्यवस्था नक्की कशासाठी आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी बोलून दाखवत नव्हतं.

मी 'हजर' लिहिलं की बाई लगेच लिहीत, "नोंद घेतली." रोज तेच. कित्येकदा दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेले शब्द तेवढेच असत. माझ्याकडे दूधवाला दाराला पिशवी अडकवून जायचा आणि पेपरवाला फटीतून पेपर सरकवायचा. पुस्तकांच्या कपाटामागे मी पडून राहिलो असतो तर खांबेटे गावाला गेले असतील, असं दोघांनाही वाटलं असतं. बाईंना तसं वाटलं नसतं. त्या दोन शब्दांवर मी किती भार टाकून जगत होतो हे त्यांना कळलं असतं, तर मी कराड सोडलं असतं.

आणि आता तो ग्रुपच धोक्यात आला होता.

झालं होतं असं. आमचा ग्रुप ज्या हिरव्या ॲपवर होता, त्या ॲपने नव्या अटी पाठवल्या होत्या. खाली 'मान्य' असं एक बटण होतं. आम्ही सगळ्यांनी ते दाबलं आणि विसरलो. वामनरावांनी मात्र भिंग घेऊन त्या अटी शेवटपर्यंत वाचल्या. टेलिफोन खात्यातल्या माणसाला वाचायला बारीक अक्षर मिळालं की त्याचं भान हरपतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. तुम्ही कराडातून साताऱ्याला फोन लावता तेव्हा तिकडचं यंत्र कुठल्या कारखान्यात बनलं असं कुणी विचारत नाही. कुठलाही फोन कुठल्याही फोनला लागतो, कारण सगळ्यांनी एक मानक ठरवलेलं असतं. मेसेजचं का तसं नसावं? एका कंपनीच्या ॲपवरून दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर साधं 'हजर' जात नाही. म्हणजे आपण माणसं राहिलो नाही, कोंडवाड्यातली गुरं झालो. आता मेसेजचं नवं मानक आलं आहे. त्यात ॲपची कटकट नाही, नंबरावरून नंबरावर जायचं, फोटोबिटो सगळं. मंडळाने तिकडे जावं.

येळवंड्यांनी हे सगळं पानाला चुना लावता लावता ऐकलं. मग म्हणाले, "वामन, गिऱ्हाईक असेल तिथे दुकान मांडायचं असतं. माझा दूधवाला त्या हिरव्या ॲपवर, गॅसवाला तिथे, दोन्ही मुली तिथे. अटी वाईट आहेत म्हणतोस. अटी चांगल्या कुठे असतात? लग्नाच्या अटी आपण वाचल्या होत्या का?"

"तू नसशील वाचल्या."

"बरं, मला एक सांग. तुझा तो मानक मेसेज कुणाच्या यंत्रातून जातो?"

वामनराव चष्मा पुसू लागले. शेवटी त्यांनी हळू आवाजात एका कंपनीचं नाव घेतलं. ती हिरव्या ॲपवाल्यांहून लहान नव्हती.

येळवंडे इतके हसले की पान सांभाळता येईना. "म्हणजे एका पाटलाच्या वाड्यातून उठायचं आणि दुसऱ्याच्या वाड्यात जाऊन बसायचं. वर त्याला स्वातंत्र्य म्हणायचं."

"मानक सगळ्यांचं आहे. यंत्र तेवढं त्यांचं."

"तेच ते. रस्ता सरकारी, पण गाडी सासऱ्याची."

मला दोघांचंही पटत होतं. हा माझा जुना आजार आहे. एक पुस्तक वाचतो तेव्हा तो लेखक बरोबर वाटतो, आणि त्याला खोडून काढणारं पुस्तक वाचलं की हाही बरोबर वाटतो. म्हणून मी ग्रंथपाल झालो असेन. दोघांना शेजारी शेजारी ठेवायचं एवढंच काम.

मग जठारांनी घसा खाकरला. त्यांच्या मुलाने परदेशाहून एक महागडा फोन आणला होता. त्या फोनची गंमत अशी की दुसऱ्या माणसाकडेही तोच फोन असला तर त्याच्याशी झालेले मेसेज निळ्या रंगात दिसतात, नाहीतर हिरव्या. जठारांना जगात निळे मेसेज पाठवणारा एकच माणूस होता, त्यांचा मुलगा, आणि तोही दिवाळीला. पण त्या निळ्याचा त्यांना फार अभिमान. त्यांनी शांतपणे सांगितलं की आमचे मेसेज त्यांच्याकडे कीड लागल्यासारखे दिसतात, बघवत नाहीत. सगळ्यांनी हळूहळू तो फोन घ्यावा. तोवर त्या फोनवर ते स्वतः एक ग्रुप काढतील आणि आमचा हिरवेपणा सहन करतील.

"डॉक्टर, आमचे दातही तुम्हाला असेच दिसायचे," येळवंडे म्हणाले. "उपटल्याशिवाय चैन पडायची नाही."

मनोरमाबाई इतका वेळ ताग्यांना टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "हजेरी कुठे घ्यायची?"

कुणी ऐकलं नाही. वामनराव जठारांना सांगत होते की रंगावरून माणसं ओळखणं हे शिकल्यासवरल्या माणसाला शोभत नाही. जठार म्हणत होते की यात माणसांचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचा आहे, त्यांचे मेसेज कुलपात असतात. येळवंडे विचारत होते की 'हजर' या शब्दाला कुलूप कशाला, चोर त्याचं काय करणार.

"मी विचारतेय, सोमवारी हजेरी कुठे घ्यायची?" बाई पुन्हा म्हणाल्या.

"बाई, आधी तत्त्वाचा प्रश्न सुटू दे," वामनराव म्हणाले.

बाई उठल्या, पदर नीट केला. "तुमचं काय ते ठरलं की कळवा."

"कुठे कळवू?" वामनरावांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारला होता.

बाई माझ्या शेजारून जिना उतरल्या. जाताना माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं, पण मी शर्टिंगच्या ताग्यावरचा छाप वाचत असल्याचं दाखवलं.

आमच्या मंडळात प्रत्येक ठराव रीतसर होत असे, सूचक आणि अनुमोदक यांच्यासह. सूचक व्हायला सगळे तयार. अनुमोदक मात्र नेहमी मी, कारण ठराव मांडला की सगळे गप्प होतात, आणि ती शांतता मला सोसत नाही. कुणीतरी हात वर करावा म्हणून मी इकडेतिकडे बघतो, आणि बघता बघता माझाच हात वर गेलेला असतो.

वामनरावांनी ठराव मांडला: मंडळाने नव्या मानकावर जावं. शांतता. माझा हात वर गेला. येळवंड्यांनी विरोधी ठराव मांडला: मंडळाने हिरव्या ॲपवरच राहावं. शांतता. हात पुन्हा वर. तेवढ्यात जठारांनी आपला ठराव मांडला आणि मी त्यालाही अनुमोदन दिलं. चहापुरत्या मंडळींनी तिन्ही वेळा माना डोलावल्या. अशा रीतीने तीनही ठराव एकमताने मंजूर झाले. मंडळाच्या इतिहासात इतकी एकी पूर्वी कधी दिसली नव्हती.

तिघेही तावातावाने घरी गेले. वामनराव म्हणाले, आजपासून ते हिरव्या ॲपचं तोंड बघणार नाहीत. येळवंडे म्हणाले, वामनच्या मानकाला ते बोट लावणार नाहीत. जठारांना दोघांचीही गरज नव्हती.

सोमवारी मी उठलो आणि तीन ठिकाणी हजर झालो.

येळवंड्यांनी हिरव्या ॲपवर 'मूळ मंडळ' नावाचा नवा ग्रुप काढला होता आणि जुना बंद केल्याचं कळवलं होतं. तिथे 'हजर' लिहिलं, बरोबरच्या दोन खुणा उमटल्या. वामनरावांच्या मानकावर लिहिलं. तिथे एक छोटं घड्याळ उगवलं आणि ते फिरतच राहिलं. जठारांच्या ग्रुपवर लिहिलं. थोड्या वेळाने माझ्या फोनवर एक ओळ आली: डॉ. जठार यांना 'हजर' आवडले. मी चकित झालो. मी जिवंत असणं कुणाला आवडावं, आणि त्याने तसं लेखी कळवावं, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. मग दुसरी ओळ आली: डॉ. जठार यांनी 'हजर' यावर प्रश्नचिन्ह लावले. आणि लगेच तिसरी: डॉ. जठार यांनी 'हजर' आवडल्याचे मागे घेतले. त्यांचं बोट इकडेतिकडे लागलं असेल. तरी मला जरा वाईट वाटलं.

मग मी बाईंच्या 'हजर'ची वाट पाहू लागलो.

तिन्ही ग्रुप पाहिले. बाई कुठेच नव्हत्या. चहा ठेवला, प्यायलो. पुन्हा पाहिलं. 'नोंद घेतली' नाही, काहीच नाही. मी स्वतःला समजावलं की त्या रागावल्या आहेत, मुद्दाम लिहीत नाहीत. मग वाटलं, आणि रागावल्या नसतील तर?

नियम सरळ होता. पहिल्या चहानंतर दारावर जायचं. इतक्या वर्षांत बाईंनी माझ्यावर ती वेळ कधी आणली नव्हती, आणि त्यांच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. मुख्याध्यापिकेच्या घरी चपला घालून जाणं मला बरं वाटेना. कपाटाखालून कातडी बूट शोधून काढले, त्यांत पाय कोंबले. त्या गडबडीत रेडिओ बंद करायचा राहिला आणि दाराला अडकवलेली दुधाची पिशवी आत घ्यायची राहिली. दार ओढून घेतलं, लॅच आपोआप लागला.

सरळ रस्त्याने गेलं की बाजार लागतो, ओळखीची माणसं भेटतात, कुठे निघालात असं विचारतात. म्हणून मी मागच्या बोळांतून गेलो. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो. 'बाई, आपण ठीक आहात ना' हे फार सलगीचं वाटलं. 'हजेरी तपासायला आलो' हे फार सरकारी. शेवटी नुसतं 'नमस्कार' म्हणायचं ठरवलं, आणि त्यानंतर काय हा प्रश्न उघडा ठेवला.

दारावर मी थाप मारली. ती इतकी हळू होती की मलाही ऐकू आली नाही. दुसऱ्यांदा जरा जोरात मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा लाज उरली नव्हती. आतून काहीच आवाज नव्हता. खिडकी बंद होती.

शेजारच्या अंगणातली बाई कपडे वाळत घालायची थांबली. "कोण पाहिजे?"

"लोंढेबाई."

"त्या मघाशीच गेल्या बाहेर. लगबगीने. छत्रीपण घेतली नाही, एवढं ऊन असून. तुम्ही कोण?"

"मी त्यांचा शेजारी," मी म्हणालो.

"शेजारी तर मी आहे," ती म्हणाली.

हे समजावून सांगणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. मी नमस्कार करून निघालो. बाई चालत्याफिरत्या आहेत एवढं कळलं होतं. हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्यावर जे वाटायचं होतं ते वाटलं. त्या ठीक होत्या. फक्त त्यांनी 'हजर' लिहिलं नव्हतं आणि माझी नोंद घेतली नव्हती. आता तसंच चालायचं होतं.

येळवंड्यांच्या घरावरून जाताना पाहिलं तर वामनराव रस्त्यात उभे. माडीच्या खिडकीवर बारीक खडे मारत होते. डोळे लाल झालेले.

"दत्ता दार उघडत नाही," ते म्हणाले. "सकाळपासून हजर नाही. मानकावर बघितलं, साध्या मेसेजवर बघितलं. कुठेच नाही."

"ते हिरव्या ॲपवर असतील," मी म्हणालो. "तुम्ही तिथे पाहिलंत का?"

"ते मी काढून टाकलंय." त्यांनी आणखी एक खडा मारला. "शाळेत एका बाकावर होतो आम्ही. काल त्याला काय काय बोललो. अटी वाचल्या म्हणून शहाणा झालो का मी? खांबेटे, त्याचं दुकान असेल तिथे मी गेलो असतो हो."

दार तोडायला हातोडी आणावी म्हणून आम्ही वामनरावांच्या घराकडे निघालो. तिथे जठार गुडघ्यावर बसून, दातांची तपासणी करायची छोटी बॅटरी लावून, किल्लीच्या भोकातून आत पाहत होते. वामनरावांनी मागून विचारलं, काय दिसतंय. जठार वळले नाहीत. म्हणाले, "काही हालचाल नाही. वामनराव आत पडलेत बहुतेक. मी त्यांना कीड म्हणालो होतो."

"मेसेजला म्हणाला होतात," वामनराव म्हणाले.

जठार वळले. त्यानंतर दोघांमध्ये जे बोलणं झालं त्यातलं फार थोडं मला कळलं, कारण दोघे एकाच वेळी रडत आणि भांडत होते. वामनराव जिवंत असतील तर त्यांनी 'हजर' का लिहिलं नाही, असं जठारांचं म्हणणं. वामनरावांनी लिहिलं होतं, पण त्यावर घड्याळ फिरत होतं, असं वामनरावांचं.

हिशेब मग माझ्या डोक्यात जुळला. जठार इथे, वामनराव तिकडे होते, म्हणजे येळवंडे जठारांकडे असणार. गेलो तर तसंच होतं. येळवंडे जठारांच्या फाटकावर चढले होते आणि धोतर टोकात अडकल्यामुळे तिथेच बसले होते. आम्हा तिघांना येताना पाहून त्यांनी आधी हात जोडले, मग वामनरावांना पाहून शिव्या दिल्या.

"तू जिवंत आहेस?" वामनरावांनी खालून विचारलं.

"आहे. पण खाली उतरव."

धोतर सोडवायला बराच वेळ लागला. तोवर वामनराव त्यांचा पाय घट्ट धरून उभे होते. जठारांनी त्यांना सांगितलं की आता सोडा, ते पडत नाहीयेत. वामनराव म्हणाले, मला माहीत आहे.

माझं घर जवळ म्हणून चहाला सगळे माझ्याकडे निघाले. माझ्या घरात कप एकच होता हे सांगायचं मी वाटेभर ठरवत होतो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गर्दी दिसली. माणसं माझ्याच दाराकडे बघत होती.

दार उघडं होतं. लॅचच्या जागी लाकूड फाटून पांढरं दिसत होतं. समोरच्या इमारतीवर काम करणारा सुतार पटाशी घेऊन बाजूला उभा होता, कुणीतरी ओरडणार या तयारीने. आत रेडिओवर शेतकऱ्यांसाठी सल्ला चालू होता. आणि माझ्या एकुलत्या एका खुर्चीवर मनोरमाबाई बसल्या होत्या. खुर्चीवरची पुस्तकं त्यांनी जमिनीवर नीट रचून ठेवली होती. त्यांचा चेहरा पांढराफटक होता आणि चप्पल एकाच पायात होती.

मला दारात पाहून त्या उठल्या नाहीत. उठता आलं नसावं.

"खांबेटे," त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठे होता?"

"तुमच्याकडे."

"माझ्याकडे कशाला?"

"तुमचं 'हजर' आलं नाही म्हणून."

"मी लिहिलं होतं. नेहमीच्या ग्रुपवर. तुमचंच आलं नाही. चहा झाला, वाट पाहिली, धावत आले. दुधाची पिशवी दाराला. चपला बाहेर. आत रेडिओ चाललेला. हाका मारल्या. किती मारल्या ते यांना विचारा." त्यांनी सुताराकडे बोट दाखवलं. सुताराने मान हलवली. "मग मीच म्हटलं, फोडा."

वामनराव येळवंड्यांकडे वळले. येळवंड्यांनी घसा साफ केला आणि कबूल केलं. जुन्या ग्रुपमधून त्यांनी एकेकाला काढलं होतं. बाईंना काढायची हिंमत झाली नाही, कारण त्यांच्या दोन्ही मुली बाईंच्या हाताखालून गेल्या होत्या. मग ते स्वतः बाहेर पडले. म्हणजे त्या ग्रुपवर आता बाई एकट्याच उरल्या होत्या.

"तुम्हाला दिसलं नाही का, सगळ्यांना काढल्याचं?" जठारांनी विचारलं.

"कंपनीच्या बारीक ओळी मी वाचत नाही," बाई म्हणाल्या. "मी हजेरी वाचते."

यावर वामनरावांना राहवलं नाही. ते म्हणाले की सगळे एका मानकावर असते तर हे झालंच नसतं. येळवंडे म्हणाले की वामनने ॲप काढलं नसतं तर झालं नसतं. जठार म्हणाले की सगळ्यांकडे तोच फोन असता तर मुळात प्रश्नच नव्हता. तिघे बोलत बोलत बाहेरच्या पायरीवर गेले आणि तिथे बसून भांडू लागले, अगदी खांद्याला खांदा लावून. गर्दी पांगली.

सुताराने दाराची फळी चाचपली. म्हणाला, चौकट बरी आहे, नवा लॅच बसवायला गुरुवारी येतो.

मी आणि बाई खोलीत उरलो. मी रेडिओ बंद केला. तो चालू असता तर बरं झालं असतं असं लगेच वाटलं. बाईंनी आजूबाजूला पाहिलं. पलंगावर पुस्तकं, खिडकीत पुस्तकं, गॅसच्या शेगडीशेजारी शब्दकोशाचे खंड.

"तुम्ही झोपता कुठे?"

"कडेला जागा आहे."

"आणि पडलात तर पुस्तकांखाली सापडायलाही वेळ लागेल." त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला काही मिळेना म्हणून तसाच हातात धरला. "मला वाटलं, तुम्ही गेलात."

आज इतक्या वर्षांनी, पुष्कळ वाचून झाल्यावरही, त्या वेळी काय बोलायला हवं होतं ते मला ठरवता येत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन त्या एका कपात पाणी आणून दिलं.

त्या पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "उद्यापासून मी फिरायला याच रस्त्याने जाईन. जाताना बघून जाईन. मोबाइलचं त्या तिघांना ठरवू दे."

त्या तिघांचं अजून ठरलेलं नाही. त्यांचे ग्रुप मोडले, जुळले, नवी ॲप आली, वामनरावांचं मानक जठारांच्या फोनवरही आलं म्हणतात, आणि तरी रंगाचा वाद काही मिटला नाही. मंगळवारी बाई आल्या. बुधवारी आल्या. दार ढकललं की उघडत होतं. त्या उंबऱ्यातूनच विचारत, मी आतून उत्तर देई. बुधवारी त्यांनी स्वतःचा कप पिशवीतून आणला.

गुरुवारी सुतार खरंच आला. शब्दाचा पक्का माणूस. हातात नवा कोरा लॅच, चांगला पितळी. बाई खुर्चीवर बसून पेपर वाचत होत्या, मी पलंगाच्या कडेला. सुताराने हत्यारं मांडली, फाटलेली फळी काढायला घेतली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बसवू ना, साहेब?"

मग तो थांबला. शांतता पसरली. बाईंनी पेपरचं पान उलटलं नाही. अशा वेळी मी आयुष्यभर जे करत आलो तेच माझा हात करू पाहत होता. मी तो मांडीखाली दाबून धरला.

"नको," मी म्हणालो.

"मग दार लागणार नाही. कुणीही ढकलून आत येईल."

"येऊ दे," मी म्हणालो.